काळ्या मातीत घर, शोषखड्डा आणि लिंबू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्लॉटवर खड्डा खणून पाहिला. साडेपाच फूट काळी माती, त्याखाली मुरूम. मिस्त्री म्हणतात, चार फुटांवर वाळूचा थर देऊन पाया भरू. चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही चालणार. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. पाणी मिळाले की ते फुगते, सुकले की आकसते. घराखालची माती मधोमध फारशी बदलत नाही. कडेची मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सगळा पाया सारखा हलत नाही, म्हणून दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. वाळू हे थांबवत नाही. उलट पावसाचे पाणी त्या थरात वाडग्यासारखे साठते आणि खालची माती जास्त दिवस ओली राहते.

मुरूम इतक्या जवळ आहे हे तुमचे नशीब. आणखी दोन फूट खोदा आणि फुटिंग (पायाचा रुंद तळ) मुरमात किमान अर्धा फूट बसवा. खोदलेली काळी माती पुन्हा खड्ड्यात लोटू नका (इथेच बहुतेक जण पैसे वाचवायला जातात). भराव मुरमाचा हवा : सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईखाली) तीन इंच पोकळी ठेवा, नाहीतर फुगणारी माती बीमच वर ढकलते. फरशीखालची काळी माती तीन फूट काढून तिथेही मुरूम भरा. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, थोड्या चिकट मातीचा सुमारे एक मीटर थर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आली आहे. मुरमात थोडी माती असलेली बरी, ती याचसाठी. घराभोवती पाच फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा आणि तिला बाहेरच्या बाजूला दोन इंच उतार द्या.

मुरूम १२ फुटांच्याही खाली असता, तर हिशेब वेगळा. हंगामी ओल-सुकेचा परिणाम साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. अशा ठिकाणी अंडर-रीम्ड पाइल घेतात, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले खांब. फुगवट्याचा व्यास खांबाच्या अडीचपट असतो. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच घ्या.

माती किती फुगते हे प्रयोगशाळेत स्वस्तात कळते. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात, तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात १६ मिली भरली, तर फुगणे ६० टक्के. ५० च्या वर आकडा गेला की माती फार फुगरी समजावी.

प्रश्न : शोषखड्डा करण्याआधी मे महिन्यात पाणी ओतून पाहिले होते, दहा मिनिटांत जिरले. आता पावसाळ्यात खड्डा भरून वाहतो. (एक वाचक, लातूर)

उत्तर : पाणी मातीत जिरले नाही, भेगांत गेले. जूनमध्ये भेगा मिटल्या. चाचणीआधी माती रात्रभर भिजवावी लागते. शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत अर्धा-एक फूट रुंद भोक पाडा, कडा खरवडा, तळाला दोन इंच खडी टाका, खडीवर फूटभर पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खडीवर सहा इंच पाणी राहील असे करा आणि एक इंच उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजा. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो. ३० ते ६० लागली, तर खडी भरलेले लांब उथळ चर काढावेत. त्याहून जास्त लागली, तर जमिनीच्या भरवशावर राहू नका, सेप्टिक टाकीनंतर अपफ्लो फिल्टर (पाणी खालून वर चढवणारी गाळणी) बसवा. तुमच्याकडे खाली मुरूम असेल, तर खड्डा तिथवर नेता येईल. पण पावसाळ्यातले भूजल तळापासून निदान सहा फूट खाली हवे. घरापासून २० फूट, विहीर-बोअरपासून ६० फूट अंतर ठेवा. शोषखड्डा पायाजवळ घेतला, तर वरच्या उत्तरातली सगळी मेहनत पाण्यात.

कोकणातल्या वाचकांसाठी उलटी सूचना : जांभ्याच्या कातळात पाणी भोकांतून सरळ उतरते, गाळले जात नाही. शोषखड्डा कधी भरत नाही याचा आनंद मानू नका, शेजारची विहीर तपासा.

प्रश्न : लिंबाची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेणखत भरपूर देतो. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : मातीवर चार थेंब व्हिनेगर टाका. फेस आला, तर चुनखडी आहे. तिथे लोह असूनही झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत टाकून फारसा उपयोग नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. मातीतूनच द्यायचे, तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोह विरघळलेले धरून ठेवणारे संयुग) मागा. ईडीटीए प्रकारचे इथे टिकत नाही. पाणी वाफसा आल्यावरच द्या, चिखलात लोहाची कमतरता वाढते. आणि काळी माती हलकी करायला टोपलीभर वाळू मिसळू नका. तेवढ्याने ती भुसभुशीत होत नाही, वीट होते. शेणखत मात्र चालू ठेवा.