‘जायलाच हवं’मधला ‘च’

दिवाळी उलटली की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो : “लग्नाआधी कोड जाईल ना?” विचारते बहुतेकदा आई, डाग असतात मुलीला.

सिडकोतल्या या मायलेकी (ओळख बदलली आहे) अशाच आल्या. मुलगी २४ वर्षांची, सातपूरला नोकरी. एक डाग गालावर, बाकीचे बोटांच्या टोकांवर. पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मलमं आणि मावशीने दिलेला काढा.

“मामा फेब्रुवारीत स्थळ आणणारेत. तोवर सगळं जायलाच हवं,” आई म्हणाल्या. मुलगी अंगठा मुठीत दाबून बसलेली.

औषध सांगणं माझं काम नाही. तिसऱ्या भेटीत मी आईंना बाहेर चहा घ्यायला पाठवलं.

“आईचं वाक्य तू म्हण. फक्त ‘च’ काढून.”

“सगळं... गेलं तर बरं.” जरा थांबून, “मॅडम, बोटांचं मला काही वाटत नाही. गालावरचा जावा.”

“डॉक्टरांना सांगितलंस हे?”

“तेच म्हणाले होते, रंग केसांच्या मुळांतून परत येतो. बोटांच्या टोकांना केस नसतात. आईने ऐकूनच घेतलं नाही.”

मूठ उघडली होती. इतकी वर्षं लोकांच्या वाक्यांतले ‘च’, म्हणजे त्यांचे हट्ट, वेचतेय, पण एवढ्या लवकर सुटलेली गाठ विरळाच. माहिती तिच्याकडे होती. अडलं होतं मुहूर्तापाशी. प्रकाशोपचार, म्हणजे डागांवर अतिनील किरण, आठवड्यातून दोन-तीनदा, तेही महिनोन्महिने. त्वचारोपणासाठी डाग साधारण वर्षभर तरी स्थिर हवेत, आणि तिच्या बोटावर दिवाळीतच नवा उमटलेला. फेब्रुवारी गाठणारा उपचार कुठल्याच चिठ्ठीत नव्हता.

म्हणून सांगते, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी ज्याचे डाग त्यानेच ठरवावं : कुठला डाग खुपतो, किती खेपा झेपतील. मेकअपने झाकणं किंवा काहीच न करणं, हेही पर्यायच. आणि स्थळाला आधी सांगून टाका : कोड संसर्गाने होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, मुलांना होईलच असंही नाही. (हाही ‘च’ बघा!)

तिने शिफ्ट बदलून घेतली, गालापुरता प्रकाशोपचार सुरू केला. तिसऱ्या महिन्यात आईंचा फोन : “मॅडम, डागात खसखशीएवढे रंगाचे ठिपके दिसतायत!” मग हळूच, “बोटांना तो काढा लावून बघू का हो?”