मअबरा : छावणी की संक्रमण शिबिर?

इराकमधून इस्रायलला गेलेल्या ज्यूंवरचा लेख मराठीत आणताना एकांना ‘मअबरा’ हा हिब्रू शब्द अडला. तिथे आलेल्यांसाठी १९५०च्या दशकात उभारलेल्या तात्पुरत्या वस्तीला तो वापरत. ‘निर्वासित छावणी’ चालेल का, असं ते विचारतात.

मला विचाराल तर नको. एक तर तिथल्या सरकारलेखी ही माणसं निर्वासित नव्हतीच, ‘ओलीम’ होती. हे ‘ओले’चं अनेकवचन. ‘ओले’ म्हणजे वर चढणारा, इस्रायलला राहायला येणाऱ्या ज्यूंसाठीचा शब्द. बगदादमधलं घरदार सोडून तंबूत येऊन पडलेला माणूसही भाषेत मात्र चढलेलाच! आणि छावणीला हिब्रूत ‘महने’ हा वेगळा शब्द आहे. हैफाजवळचं १९४९चं ‘शआर हाअलिया’ ही खरी छावणी : काटेरी तारांचं कुंपण, वैद्यकीय तपासणी, आयतं जेवण. मे १९५०मध्ये जेरुसलेमजवळच्या डोंगरात कसलोनला पहिली मअबरा झाली. मअबरेत पोट ज्याचं त्यानं भरायचं, हा त्यातला मुख्य फरक. १९५१ संपेपर्यंत अशा वस्त्यांत दोन लाखांवर माणसं राहत होती.

तिथल्या घरांची नावं तर बघाच. ‘पाख’ म्हणजे पत्रा, त्यावरून पत्र्याची खोली ती ‘पाखोन’. ‘बाद’ म्हणजे कापड, म्हणून लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेली ती ‘बादोन’. पाखोन उन्हाळ्यात कशी तापत असेल हे पत्र्याखाली राहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. इथे ‘झोपडी’ लिहून मोकळं होऊ नये. ‘पत्र्याची खोली’ आणि ‘कापडी खोपट’ असा भेद राखावा.

आता मूळ शब्द. त्याचा धातू ओलांडणं, पार होणं या अर्थाचा. त्यातूनच ‘मअवार’, म्हणजे स्थित्यंतर. आपल्या ‘संक्रमण’मध्येही तेच आहे, सूर्य रास ओलांडतो ती संक्रांत. म्हणून ‘संक्रमण शिबिर’ हाच जवळचा पर्याय. अडचण एकच : करोनापासून हिंदीच्या नादानं ‘संक्रमण’ म्हणजे रोगाची लागण असं वाचायची सवय लागलीय. त्याला आपला ‘संसर्ग’ आहे की!

‘संक्रमण शिबिर’चा आणखी एक फायदा आहे. मुंबईत म्हाडाच्या संक्रमण शिबिरात लोकांच्या पिढ्या गेल्यात, त्यामुळे ‘तात्पुरतं’ म्हणजे किती, हे वाचकाला आपसूक कळतं. मअबरांचंही तेच झालं. काही साठच्या दशकापर्यंत टिकल्या, काहींची गावंच झाली. किर्यात श्मोना, स्देरोत ही त्यांतलीच. आपल्या उल्हासनगरात अजून ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

लेखात पहिल्यांदा ‘मअबरा, म्हणजे संक्रमण शिबिर’ असं द्या, पुढे नुसतं ‘मअबरा’. हिब्रूत तो स्त्रीलिंगी आहे, मराठीतही तसाच ठेवावा : शाळा–शाळेत, तसं मअबरा–मअबरेत. ‘मअबरोत’ हे हिब्रू अनेकवचन मात्र आणू नका. ‘मअबरोतांमध्ये’ असलं काहीतरी होऊन बसेल.