केदारकंठाला जाताना हँड वॉर्मर

डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करतोयस, तर आधी हातमोजे नीट घे. वॉर्मरचं, म्हणजे हाताला ऊब देणाऱ्या पुडीचं किंवा चार्जिंगवाल्या यंत्राचं, नंतर बघू. आत पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा, वरून वारा-पाणी अडवणारा जरा सैलसर. वॉर्मर या दोन थरांच्या मध्ये, हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचा. मुठीत धरलास तर काठी कशी धरणार?

एकदाच वापरायच्या पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड असते. हवा लागली की लोखंड गंजतं, त्यातून ऊब येते. म्हणून शिखर चढायच्या पहाटे निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पाकीट फोड, पुडी हलव, लगेच घट्ट मोज्यात कोंबू नकोस. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पुण्यात तापते तेवढी ती तिथे तापत नाही. पाकिटावरच्या तासांवर तर जाऊच नकोस. अर्ध्यात काम झालं तर हवा काढून झिपलॉकमध्ये टाक. गंजणं थांबतं, उरलेली ऊब नंतर मिळते.

चार्जिंगवाला घेतलास तर विमानात तो केबिन बॅगेतच. थंडीत बॅटरी पटकन उतरते, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, पण बंद करून. वापरलेल्या पुड्या बर्फात पुरायच्या नाहीत, खाली आणायच्या.

आणि हो, बोटं बधिर, पांढरी पडली तर वॉर्मर थेट लावू नकोस. चटका बसलेलाही कळत नाही. हात काखेत घाल, ट्रेक लीडरला लगेच सांग.