वाचक विचारतात: अठराचं मॅगव्हील, खाली बसवलेली गाडी आणि नागपुरातल्या मनीष नगरचे ब्रेकर

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय मॅन्युअल, २६ हजार किमी झाले. गाडी पळते झकास पण १६ इंची चाकं कमानीत बारकी दिसतात अन् गाडी उंचावर उभी असल्यासारखी वाटते, शिवाय समृद्धीवर १२० ला थोडी तरंगते. एक दुकानदार म्हणतो १८ चे मॅगव्हील (अलॉय चाकं) आणि गाडी खाली बसवणारी लोअरिंग स्प्रिंग टाकून देतो, दोन तासाचं काम, कुठंच घासणार नाही. महिन्यातून एकदा संभाजीनगरला जाणं असतं, कधीकधी आईबाबा धरून पाच जण. बजेट दीड लाख. करू का?
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर: भाऊ, दोन तासात बसतंही सगळं. पुढे जे होतं ते दुकानदाराच्या दारात होत नाही, तुमच्या गल्लीत होतं.

आधी उंची बघू. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. गाडी ३५ मिमी खाली आणणारी स्प्रिंग टाकली की राहिले १४४, आणि मग पाच माणसं, डिक्कीत बॅगा, आईचं लोणच्याचं डबडं. नियमाप्रमाणे ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, म्हणजे गाडी हळूच चढते हळूच उतरते. आपल्या कॉलन्यांमधले ब्रेकर कसे असतात तुम्हाला माहीत आहे, पाटा-वरवंट्यातला पाटा रस्त्यावर आडवा टाकून वरून डांबर फासल्यासारखे. गाडीचं पोट तिथंच टेकणार.

आणि नुसती स्प्रिंग बदलणं हे अर्धवट काम आहे. शॉकअप कंपनीचा राहतो, तो मूळ उंचीसाठी बनवलेला, आता सगळा वेळ अर्धा दबलेला असतो, खड्ड्यात थोडंच अंतर जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. लोक म्हणतात गाडी कडक झाली, स्पोर्टी झाली. अहो ती कडक नाही झाली, ती रबरावर आपटून राहिली आहे. म्हणूनच शॉकअप बनवणारे बिलस्टीनवाले बी६ आणि बी८ असे दोन वेगळे शॉकअप काढतात, बी६ मूळ उंचीच्या गाडीला आणि बी८ आखूड, खाली केलेल्या गाडीला. युरोपातल्या पोलोचा पार्ट आपल्या व्हर्टसला चालेल असं मात्र कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, इथली गाडी मुद्दाम उंच केलेली आहे, नेमका पार्ट नंबर मागा. कॉइलओव्हरचं (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) विचाराल तर छान वस्तू आहे, पण पावसाळ्याचा चिखल आटीत बसला की दुसऱ्या वर्षी ती उंची कमीजास्त करायची रिंग फिरता फिरत नाही.

आता चाकं. अठराचं मी स्वतः भोगलेलं आहे म्हणून जरा लांबण लावतो. आधीच्या सेडानला २२५/४० आर१८ होते (टायर २२५ मिमी रुंद, भिंत त्याच्या ४० टक्के, रिम १८ इंची), फोटोत राजा दिसायची गाडी. एका रात्री नवीन सिमेंट रोडवरून येत होतो, पुढे स्लॅब संपला आणि जुना डांबरी रस्ता वीतभर खाली, बोर्ड नाही काही नाही, धाडकन उतरलो. बाहेरून रिमला ओरखडासुद्धा नव्हता. चार दिवसांनी बघतो तर हवा कमी, पंक्चरवाल्या पोराने साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे टायरमधून नाही, रिमच्या आतल्या काठातून, आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक लावलं तर ते नागपंचमीच्या झोक्यासारखं डोलत होतं. लेथवर सरळ करून घेतलं, दोन महिन्यांत तिथंच तडा गेला. तुमच्या २०५/५५ आर१६ ला रबराची भिंत जवळजवळ ११३ मिमी आहे, २२५/४० आर१८ ला ९० च. तेवढी २३ मिमीची गादी कमी झाली की तो धक्का रिम खातं.

१७ हा मधला मार्ग. २२५/४५ आर१७ ची एकूण उंची तुमच्या आताच्या टायरपेक्षा फक्त दोन-अडीच मिमी जास्त, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. २१५/४५ पण बसतं, पण तिथं लोड इंडेक्स बघा, ८७ वालं मिळतं ते घेऊ नका, तुमच्या १६ च्या टायरवर बहुतेक ९१ लिहिलेलं असेल, म्हणजे एका चाकाला ६१५ किलो, ८७ म्हणजे ५४५. पाच माणसांची गाडी आहे तुमची.

रिम घेताना दुकानातच उलटं करून मागची बाजू वाचा. पीसीडी ५×१०० पाहिजे (म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर बोल्टची पाच भोकं), मधलं भोक ५७.१ मिमी. बाजारातले बरेच रिम ७३.१ च्या भोकाचे येतात, मधली फट भरणारी कडी, म्हणजे हब रिंग, नसेल तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही, ९०-१०० ला स्टेअरिंग थरथरतं आणि दुकानदार तुम्हाला चार वेळा बॅलन्सिंग करायला लावतो. रिंग ॲल्युमिनियमची घ्या, प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने वितळते आणि आपल्याकडे मे महिना आहेच. ऑफसेट म्हणजे ईटी, रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा. तो आकडा १० ने कमी झाला तर चाक १० मिमी बाहेर, आणि रिम एक इंच रुंद घेतलं तर आत-बाहेर दोन्हीकडे १२.७ मिमी वाढतं, बाहेरचं फेंडरला लागेल का आणि आतलं शॉकअपला लागेल का हे दोन्ही मोजायचं, डोळ्याने नाही, टेपने.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही, बोल्टची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या बऱ्याच रिमचं भोक शंकूसारखं. जुनेच बोल्ट आवळले तर बूड पूर्ण टेकत नाही, बारीक कडेवर टेकतं, आणि हळूहळू ढिलं होतं. रिमसोबत त्याच आकाराचे बोल्ट मागा, १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा. एअर गनवाल्या पोराला समोर उभं राहून थांबवायला लागतं, लाजू नका.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, आणि १८२अ खाली एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेव्हा १७ ची हौस असली तरी पैसे द्यायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या दिवशी ते पहिले चाकंच बघतात.

माझं विचाराल तर १६ च ठेवा. टायर २६ हजार चाललेत, तरंगणं तिथून सुरू होतं बहुतेक वेळा. चांगले ग्रिपचे २०५/५५ चार टाका, हवा सकाळी गाडी थंड असताना दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी भरा (पेट्रोल पंपावर दुपारी चारला मोजलेली हवा ही हवा नाही), अलाइनमेंट करा, मग संभाजीनगरला एक चक्कर मारून या. तरीही तरंगली तर मूळ उंचीचे, थोडे कडक शॉकअप शोधू. दीड लाखातले निम्मेही जाणार नाहीत.

प्रश्न: स्कोडा स्लाव्हिया आहे, ५८ हजार किमी. मेकॅनिक म्हणतात चारही शॉकअप बदला. शिवाय एका ठिकाणी अलाइनमेंटच्या बिलात मागच्या चाकाचं कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सेटिंगही लावलं होतं. बरोबर आहे का?
– एक वाचक, काटोल रोड

उत्तर: ताई, शॉकअपच्या दांडीवर तेल ओघळून धूळ चिकटलीये का ते बघा. नुसता ओलसरपणा चालतो, ओघळ नाही. गळत असेल तर त्या ॲक्सलची जोडी बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन, आणि सोबत माउंट आणि बंप स्टॉप नवीन टाका, नाहीतर महिन्याभरात टकटक परत सुरू. चारही एकदम कशाला हे मेकॅनिकला गळती दाखवून सांगायला लावा. मागच्या कॅम्बरचं म्हणाल तर तुमच्या गाडीला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, तिथं कॅम्बर फिरवायला बोल्टच नाही. काय फिरवलं ते बिल घेऊन जाऊन विचारा एकदा, आणि काय उत्तर देतात ते मलाही कळवा.