हाताला मुंग्या : सोनोग्राफीवर निदान होतं का?

प्रश्न : वय ४६, शिवणकाम करते. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन तपासणी सांगितली आहे, पण मला करंटची धास्ती वाटते. त्याऐवजी सोनोग्राफी चालेल का?

उत्तर : तुमची लक्षणं कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यातून (कार्पल टनेल) जाणारी मीडियन नर्व्ह ही नस दबल्याची वाटतात. त्यासाठी सोनोग्राफी चांगली तपासणी आहे. मात्र ती नसांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडेच करून घ्या.

तळहात वर, मनगट सरळ, बोटं सैल ठेवून बसवतात. १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त क्षमतेचा सपाट प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा धरला की नस मधाच्या पोळ्यासारखी, बारीक काळ्या ठिपक्यांची दिसते. बोटं हलवायला सांगितली की शेजारचे स्नायुबंध सरसर सरकतात, नस त्या मानाने जागीच राहते. बोगद्याच्या तोंडाशी, पिसिफॉर्म (मनगटाच्या करंगळीकडच्या छोट्या) हाडाच्या पातळीवर, तिचं क्षेत्रफळ मोजतात. दाबली जाणारी नस दाबाच्या अलीकडे फुगते, म्हणून मोजमाप इथलं. साधारण १० चौरस मिलिमीटर ही सीमा धरतात. १४ आलं तर निदान बळकट. १० किंवा ११ आलं तर नुसत्या आकड्यावर विसंबू नये. मग तीच नस मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात, मनगटाच्या बरीच वर मोजावी. दोन मोजमापांत २ चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती मनगटात दबते आहे असं मानायला आधार मिळतो.

चुका इथेच होतात. प्रोब जरा तिरका झाला की स्नायुबंध काळे पडतात आणि नसेसारखे भासतात. जोरात दाबला की नस चपटी होते. रेघ नसेच्या पांढऱ्या कडेच्या आतून काढायची असते. बाहेरून काढली तर आकडा फुगतो, आणि इथे एक-दोन चौरस मिलिमीटरवरच निदान फिरतं. काहींची नस दोन फाट्यांची असते, तेव्हा दोन्हींची बेरीज धरावी लागते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘नस सुजलेली’ एवढंच नको. कुठला हात, कुठली पातळी, किती क्षेत्रफळ हे मागून घ्या.

गाठ, स्नायुबंधाच्या आवरणाची सूज किंवा जादा स्नायू यामुळे नस दबत असेल तर तेही सोनोग्राफीत दिसतं, करंटच्या तपासणीत दिसत नाही. उलट नसेचं काम किती मंदावलं हे करंटच सांगतो. मधुमेह असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर ती तपासणी टाळू नका. त्यात हलके झटके बसतात, तेही क्षणभरच.

प्रश्न : सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी मुंग्या आहेत. आता?

उत्तर : नॉर्मल रिपोर्टने आजार नाकारला जात नाही, सुरुवातीला नस फुगलेली नसू शकते. मानेतली नसही तपासून घ्या. करंगळीला मुंग्या असतील तर करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह, तीही आधी कोपरापाशी पाहावी. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसत चालला असेल किंवा सुई धरता येत नसेल, तर वाट न पाहता हाताच्या सर्जनना दाखवा.