यादीतले शेवटचे घर

भायखळा, मुंबई
२२ नोव्हेंबर

चि. सौ. यांस,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा निरोप मी दोनदा वाचला. एका हाताने लोकलची कडी धरून तू तो लिहिला असावास, कारण अर्ध्या वाक्यांना शेवट नाही. तक्रार मात्र पूर्ण कळली. शब्बाथशाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचे, नाताळचे नाटक तुझ्या गळ्यात पडले आहे, सासूबाईंना सगळा फराळ घरीच व्हायला हवा आहे, ऑफिसात वर्षअखेरीची कामे तुंबली आहेत, यजमानांची रविवारची ड्युटी सुटत नाही, आणि थोरला तिसरीत व धाकटी चार वर्षांची असल्यामुळे दोघांपैकी कोणाचाही हात अजून मदतीला येत नाही. शेवटी तू विचारले आहेस, ‘काकू, यातले काय सोडू?’

बावीस वर्षे शब्बाथशाळा चालवलेली बाई तुला मंडळीचे, म्हणजे चर्चचे, काम सोड असे सांगणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. परंतु कामांचा क्रम लावताना मी एकदा जी चूक केली ती तुला सांगते, कारण तुझ्या निरोपात मला तीच दिसू लागली आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा होता, त्या वर्षी घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणणाऱ्या कॅरल पार्टीची यादी माझ्या हाती होती. सव्वीस घरे आणि पाच रात्री. पुढाऱ्याने आपले घर आधी लिहिले की लोक बोलतात, या धास्तीने मी आमचे नाव पाचव्या रात्री सर्वांत शेवटी घातले. त्या रात्री एका इमारतीची लिफ्ट बंद निघाली, एका आजींनी आग्रहाने आणखी दोन पदे म्हणवून घेतली, आणि आम्ही आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली आहे, त्यातून आमच्या मजल्यावर एक आजारी गृहस्थ होते; तेव्हा फाटकापाशीच हळू आवाजात प्रार्थना करून आम्ही पांगलो. मी जिना चढून वर गेले. दार सताड उघडे होते, दाराबाहेर तारा लावलेला होता, टेबलावर पंचवीस कप उपडे मांडलेले होते आणि करंज्यांच्या ताटावर सासूबाईंनी पातळ फडके टाकून ठेवले होते. मुलगा सोफ्यावर बूट घालूनच झोपला होता. पार्टी आली की खाली पळत जायचे आणि सगळ्यांबरोबर गात वर यायचे, असे त्याने ठरवून ठेवले होते. त्याच्या डाव्या बुटाची लेस मला काही केल्या सुटेना, कारण गाठ त्याने स्वतः मारली होती आणि तेव्हा तो नुकताच ती मारायला शिकला होता.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी यादी मी करीन.’ आणि त्यांनी केली. आमचे घर दुसऱ्या रात्री तिसरे आले, आणि त्यावर कोणीही काहीही बोलले नाही. लोक बोलतील ही भीती मी उगाचच इतकी वर्षे बाळगली होती.

आता तुझ्या डिसेंबरकडे वळू. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार म्हणजे तयारीचे चार आठवडे असे आपण धरून चालतो. नाताळ सोमवारी आला, जसा तो २०२३ मध्ये आला होता, तर चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी येतात आणि चौथा आठवडा उरतच नाही. तेव्हा कॅलेंडर आधी पाहा. या आठवड्यांसाठी घरात एकच गोष्ट लाव आणि ती मोडू देऊ नकोस. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या वीस ओव्या (वचने), म्हणजे जनगणनेच्या हुकुमापासून मेंढपाळ परत जाईपर्यंतचा भाग, आठवड्याला पाच या हिशेबाने थोरल्याने मोठ्याने वाचावा. रोज पाचच ओव्या. रविवारी संध्याकाळी नव्या, इतर दिवशी त्याच पुन्हा. जेवणाची ताटे उचलण्यापूर्वी, कारण एकदा ताटे उचलली की मुले टीव्हीकडे आणि आपण ओट्याकडे, ही आपल्या सर्वांच्या घरची रीत आहे.

तू म्हणशील की तो इंग्रजी माध्यमात शिकतो आणि त्याला जोडाक्षरे अडतात. म्हणूनच सांगते आहे. गेल्या वर्षीच्या नाटकात अर्ध्या मुलांनी आपली मराठी वाक्ये रोमन लिपीत लिहून घेऊन पाठ केली होती, हे तू पाहिलेस. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी इथे मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, बायबलचे भाषांतर केले. त्या परंपरेतल्या मंडळीची मुले आज लूकचे पान वाचू शकत नाहीत, ही गोष्ट मला नाताळच्या कोणत्याही गैरसोयीपेक्षा अधिक बोचते. अडखळत वाचू दे. ‘बाळंते’ हा शब्द अडला तर सासूबाईंना अर्थ सांगू दे. त्यांनी तुझी दोन्ही मुले बाळंत्यात गुंडाळली आहेत. धाकटीला वाचता येत नसले तरी ताल धरता येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपल्या मातीच्या चालींवर पुष्कळ पदे लिहिली. त्या पदांना टाळी आपोआप लागते. त्यांतले एक निवड आणि महिनाभर तेच म्हण.

बाळ येशूला ज्या गव्हाणीत ठेवले तिच्याविषयी एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. एका वर्षी तालमीच्या वेळी एका मुलीने मला विचारले की गव्हाणी म्हणजे पाळणाच ना, आणि माझ्या लक्षात आले की मुंबईतल्या या मुलांनी ती कधी पाहिलेलीच नाही. पुठ्ठ्याची, सोनेरी कागदाची, आत कापूस घातलेली तेवढी त्यांना माहीत. पुढच्या शनिवारी चौदा मुलांना घेऊन मी आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात गेले. सिमेंटची लांब, ओलसर गव्हाण, तिच्या कडा म्हशींच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या, तळाशी भिजलेला पेंढा आणि शेणाचा वास. मुले नाक दाबून उभी होती. एका मुलाने कडेवर हात ठेवला, तो ओला झाला, आणि तो इतकेच म्हणाला, ‘इथे?’ त्या वर्षी आमच्या नाटकात सोनेरी कागद लागला नाही. तुला जमले तर मुलांना घेऊन जा. नाटकाच्या तीन तालमींनी होणार नाही ते त्या एका सकाळी होईल.

नाटक तू घेतलेच आहेस, तर ते लहान कर. मेंढपाळ लूकमध्ये आहेत आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. आपण दोन्ही एकाच अर्ध्या तासात कोंबतो आणि मग वेशभूषेसाठी पळतो. मागी किती होते हे मत्तयाने सांगितलेले नाही, त्यामुळे तीन झगे शिवलेच पाहिजेत असा दंडक कोणी घातलेला नाही. तो प्रवेश ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत राहू दे, पाळकसाहेब हरकत घेणार नाहीत. तालमी रविवारच्या उपासनेनंतर ठेवू नकोस. उपासना आटोपून लोक घरी निघतात नेमका तेव्हाच मेगाब्लॉक सुरू झालेला असतो, डोंबिवली-कल्याणकडची मुले दोन वाजेपर्यंत उपाशी राहतात आणि त्यांच्या आया तुझ्याकडे ज्या नजरेने पाहतात ती मी बावीस वर्षे सोसली आहे. शनिवारी दुपारी चार ते साडेपाच ही वेळ बरी. कपडे एकीकडे सोपव, खाऊ दुसरीकडे. संहिता आणि तालीम एवढेच स्वतःकडे ठेव. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे दुसऱ्या कोणाला तरी उभे करून तू धाकटीला मांडीवर घेऊन पुढून तिसऱ्या बाकावर बस, म्हणजे थोरला मेंढपाळ म्हणून आत येईल तेव्हा त्याला तू दिसशील. काहीतरी चुकेल. चुकू दे.

फराळाविषयी सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांच्याबरोबर बसून हिशेब कर. दिवाळीला तुमच्याकडे किती घरांतून ताटे आली? तेवढी ताटे नाताळला परत जायची आहेत, आणि ताट रिकामे परत करायचे नाही, इतकाच खरा नियम आहे. तुमच्या मजल्यावरची चार, खालची दोन, ऑफिसातली एखादी धरली तर सात-आठ ताटे होतात. त्याला करंज्या, शंकरपाळे आणि कुलकुल एवढे पुरे. चकल्या आणि चिवडा दिवाळीत सगळ्यांचे खाऊन झालेले असतात, त्यामुळे ते विकत आणले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. करंज्या मात्र घरीच होऊ देत. सारण तू आदल्या रात्री भाजून ठेव, लाटणे सासूबाईंकडे, आणि कातण थोरल्याच्या हातात दे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कातण फिरवण्याइतके आनंदाचे काम स्वयंपाकघरात दुसरे नाही. वाकड्या कडांच्या करंज्या घरात ठेवायच्या.

केकच्या बाबतीत एक दक्षता घे. अंडे न खाणाऱ्या शेजाऱ्यांच्या ताटात केक ठेवायचा असेल तर तो वेगळ्या भांड्यात, बिनअंड्याचा कर आणि तसे स्पष्ट सांगून दे. शेजारी देणाऱ्याला विचारत नाहीत, केक नुसता तसाच ठेवून देतात, आणि मग दोन्हीकडे संकोच राहतो. आमच्या लहानपणी केकचे मिश्रण टिनात ओतून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत असत, टिनावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असे आणि दर वर्षी दोन टिनांची अदलाबदल होऊन दोन कुटुंबे एकमेकांचा केक खात असत. आता तुझ्याकडे ओव्हन आहे. तेव्हा ती गंमतही गेली.

सांताक्लॉज, भेटी, झाडावरचे दिवे यांविषयी तुला माझ्या सल्ल्याची गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटला जायचेच असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कामाच्या दिवशी जा.

यजमानांच्या ड्युटीचे असे कर. २४ च्या रात्रीची उपासना आणि २५ च्या सकाळची उपासना यांपैकी ज्या एकीला ते नक्की येऊ शकतील तीच तुमच्या चौघांची समज, आणि दुसरीला कोणी गेले नाही तरी मनाला लावून घेऊ नकोस. धाकटी रात्रीच्या उपासनेत झोपेल. झोपू दे, मंडळीत झोपलेली मुले मला आवडतात. तुझी एकच रजा शिल्लक आहे असे तू लिहिले आहेस. सर्वजण ती २४ ला घेतात. तू २६ ला घे. २५ ला दिवसभर दार वाजत असते, चहाचे आधण चढलेले असते आणि मुले आपल्याला फक्त पाठमोरी पाहतात. २६ ला घर शांत असते, शाळेला सुटी असते, फराळ उरलेला असतो. वर्षअखेरीची रात्रीची उपासना करून १ जानेवारीला सकाळी पुन्हा मंडळीत यायचे आणि तिथून ऑफिस गाठायचे, हे तुला दर वर्षी जड जाते, कारण आपल्या राज्यात त्या दिवशी सार्वजनिक सुटी नसते. दोहोंपैकी एक निवड. मी असते तर सकाळची निवडली असती.

आणखी एक काम मात्र तुझ्यावर टाकणार आहे, रागावू नकोस. आपल्या मंडळीतले जे वृद्ध आता घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यापैकी दोघांकडे, फक्त दोघांकडे, मुलांना घेऊन २६ ला दुपारी ताट घेऊन जा. पाळकसाहेब त्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात, परंतु पाळकसाहेबांबरोबर चार वर्षांची मुलगी नसते. थोरल्याला त्यांच्यासमोर लूकमधल्या पाच ओव्या वाचायला सांग. त्यांना त्या पाठ असतात, तो अडला की ते पुढचा शब्द सांगतील.

कॅरल पार्टीची यादी या वर्षी कोणाकडे आहे ते मला माहीत आहे. मी तिला फोन केला आहे. तुमचे घर पहिल्या रात्री दुसरे आहे, साधारण साडेसातला. चहा पंधरा जणांचा ठेव.

तुझा स्टीलचा डबा दिवाळीपासून माझ्याकडे पडून आहे. रिकामा कसा पाठवायचा म्हणून ठेवून घेतला. आगमनाच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर तो न्यायला ये, मुलांनाही आण. तोवर थोरल्याच्या पहिल्या पाच ओव्या झालेल्या असतील, त्या मी ऐकून घेईन.

तुझी,
काकू