मॅडम, याला निसर्गाची आवडच नाही

मागच्या वर्षी जूनमध्ये एक आई तिच्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. कोथरूडला राहतात, नवरा-बायको दोघंही आयटीत, घरी आजी. मुलाला आपण अथर्व म्हणू, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत. आईचं म्हणणं असं की मॅडम, आम्ही सगळं करून बघितलं, दोन कॅम्प झाले, पहाटे साडेपाचला उठवून वेताळ टेकडीवर बर्ड वॉचिंगला नेलं, तर हा दुर्बीण डोळ्याला लावेना, गवतात पाय ठेवेना, सारखं घरी जाऊया घरी जाऊया, आणि घरी आला की टॅब. याला निसर्गाची आवडच नाही, आता काय करायचं?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि विचारणारे पालक मनापासून विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी अथर्वशी बोलायला लागले तर त्याला सगळं पाठ! राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्य फुलपाखरू नीलवंत, धडाधड म्हणून दाखवलं. म्हटलं ताम्हण बघितलंयस का रे? तर मान हलवून नाही, आईही गप्प. त्यांच्या सोसायटीवरूनच माझा रोजचा रस्ता आहे, गेटसमोर ताम्हणाची चार झाडं आहेत, उन्हाळाभर जांभळी फुलून असतात.

पहिल्या वेळी चूक माझीच झाली. मी त्याला डायरी दिली, रोज बाहेर दिसलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. पुढच्या आठवड्यात डायरी आली तेव्हा चार पानं कोरी आणि तीन पानं आईच्या अक्षरात. म्हणजे शाळा, क्लास, अबॅकस याच्यावर मी अजून एक होमवर्क चढवला होता, ते मला तिथेच कळलं आणि मी डायरी बंद करायला सांगितलं.

त्याच दिवशी बोलता बोलता टेबलावर एक मुंगळा आला. आईने झटकन पाय वर घेतले आणि "ई, मार त्याला" असं तिच्या तोंडून निघून गेलं. पुढच्या सेकंदाला अथर्वचे पाय पण खुर्चीवर, चेहऱ्यावर तेच भाव. मुलं हे शब्दांतून शिकत नाहीत हो, आपला चेहरा बघतात, आपण एकीकडे निसर्ग किती छान म्हणतो आणि दुसरीकडे पाल, गांडूळ, कोळी काहीही दिसलं की किंचाळतो, मग त्यांनी काय खरं मानायचं?

मी आईला विचारलं, तुम्ही कुठे वाढलात? म्हणाली वाईजवळच्या गावात. मग पहिल्या पावसात काय करायचात? ती जरा थांबली आणि मग बोलतच सुटली, की पाऊस पडून गेला की मातीत मृगाचे किडे निघायचे, लालभडक, मखमलीसारखे, आम्ही काडेपेटीत गवत घालून त्यात ठेवायचो, माझ्याकडे एकदा नऊ होते, भाऊ चोरायचा त्यातले. अथर्व तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "आई, तू किडा हातात घेतलास? चावला नाही?" "अरे नाही चावत तो, बोट लावलं की पाय पोटाशी घेतो आणि गप्प पडून राहतो."

माझ्या मते तिथे खरं काम सुरू झालं.

मग ठरलं की तीन महिने कॅम्प नाही, दुर्बीण नाही. घरी बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी होती, आजींची तक्रार की अळ्या पानं खातात, औषध मारायचं होतं त्यांना. मी म्हटलं एवढा पावसाळा नका मारू. ऑफिसमधून आल्यावर आईने पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर कुंडीपाशी बसायचं, फोन आत, आणि एकच पथ्य, "हे काय आहे सांग बरं" असं विचारायचं नाही. नाव माहीत नसलं तरी चालतं, ते नंतर तोच विचारतो.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरं अंडी घालतात, टाचणीच्या डोक्याएवढी, फिकट पिवळी. त्यातून निघालेली अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा डाग, म्हणजे पक्ष्याने बघितलं तरी खाणार नाही. मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाचं बेचकीसारखं शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबूस वास सोडते. हे अथर्वने स्वतः शोधलं, कुणी सांगितलं नव्हतं, आणि रात्री साडेनऊला आईच्या फोनवरून मला व्हॉइस मेसेज, मॅडम तिला शिंग आहे आणि ती पादते! ऐकून मला इतका आनंद झाला ना, कारण तोपर्यंत हा मुलगा माझ्याशी फक्त विचारलं तेवढंच बोलायचा.

पहिली अळी मेली. एका सकाळी काळी पडून फांदीला लटकलेली दिसली. आईचा फोन, तो शाळेतून यायच्या आत काढून टाकू का? म्हटलं नको, बघू दे. रडला, त्याच कुंडीत पुरली, दोन दिवस बाल्कनीत गेलाच नाही. नंतर आजींनीच हाक मारली, अरे अजून दोन आहेत बघ. त्यातल्या एकीचा कोष झाला, फांदीला रेशमाच्या दोऱ्याने बांधलेला, आणि दहाएक दिवसांनी रविवारी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. ते सुकून उडेपर्यंत सगळं घर नाश्ता सोडून बाल्कनीत उभं होतं.

कॅम्पना माझा विरोध नाही, पुण्यात टेकड्यांवर मनापासून मुलांना फिरवणारी माणसं आहेत. पण ज्याला घरच्या कुंडीची भीती आहे त्याला पंचवीस अनोळखी मुलांबरोबर गवतात उभं केलं तर तो घाबरणारच. एक मात्र सांगते, मूल किडा बघून थरथर कापत असेल, झोपेतून दचकून उठत असेल तर ही नुसती नावड नाही, त्यावर वेगळं काम करावं लागतं, तिथे धीर धरायला हवा, जबरदस्ती अजिबात नको. आणि केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, भयंकर खाज सुटते, एवढं शिकवाच.

अथर्व अजूनही टॅब खेळतो, पहाटे उठायचा कंटाळा तसाच आहे. कढीपत्त्याला मात्र पानं उरली नव्हती, फोडणीसाठी आजी मंडईतून आणायला लागल्या. परवा आईचा मेसेज आला, नर्सरीत लिंबाचं रोप घ्यायला आलोय, अथर्व त्या काकांना विचारतोय की याच्यावर औषध मारलंय का, आणि ते नीट सांगत नाहीयेत, तर घेऊ का नको?